नावाड्याची मिशी

बापूंनी माझ्याकडून दहा पुस्तकं वाचून घेतली आणि दहाच्या दहा पुस्तकांचं वाटोळं केलं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहिलेच, तर माझा राग गेला असं कुणी समजू नये.

ते माझे कुणी लागत नव्हते. उधन्याला आमच्याच चाळीत, नळाच्या बाजूच्या खोलीत एकटे राहायचे. आमच्यासारखेच खानदेशातून आलेले. माझे वडील, म्हणजे आबा, ज्या लूमच्या कारखान्यात होते तिथेच बापू धागे जोडायचं काम करत. ज्यांनी लूम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. कापडाचे उभे धागे एका मोठ्या रुळावर गुंडाळून येतात, त्याला बीम म्हणतात. बीम संपत आला की लूम थांबवायचा, जुन्या धाग्यांची हातभर शेपटी तशीच ठेवायची, आणि नव्या बीमचा एकेक धागा त्या शेपटीतल्या एकेका धाग्याला वळून जोडत जायचं. हजारो धागे. बापू लूमच्या मागे बुटक्या पाटावर बसत आणि सकाळपासून चिमटीत धागे वळत. त्या कामात त्यांची कधी चूक झाल्याचं मी ऐकलं नाही. चुका त्यांनी सगळ्या माझ्या पुस्तकांत केल्या.

कानावर पेन्सिल असायची. नाकावर चष्मा, त्याची एक काडी धाग्याने बांधलेली. काखेत पुस्तक. चाळीतून कारखान्यापर्यंत ते असे चालत जायचे की पोस्टमनने वाट सोडावी. साऱ्या कारखान्यात बापू म्हणजे वाचणारा माणूस. आणि बापूंना वाचता येत नव्हतं. एक अक्षर नाही. हे जगात फक्त मला माहीत होतं, आणि मी आठवीत असताना त्यांनी मला माझ्या मायची शपथ घातली होती.

‘वज्रद्वीप’ नावाची एक लांबलचक कादंबरी तेव्हा भागाभागांनी निघत होती. वर्षातून दोन भाग, कधी एकच. पाच बेटं, एक आंधळा राजा, समुद्राच्या तळाशी झोपलेला अजगर, आणि अर्धं जळलेलं वल्हं घेऊन फिरणारी नावाडीण तरंगिणी. स्टेशनवरचा पेपरवाला बापूंसाठी जळगावहून एक प्रत मागवायचा. पुढे मी कॉलेजात गेले तेव्हा आमच्या एक मॅडम असल्या पुस्तकांना कचरा म्हणाल्या. मी उठून विचारलं, “तुम्ही कितवा भाग वाचलात, मॅडम?” त्यांनी मला बसायला सांगितलं. मी बसले, पण उत्तर अजून मिळालेलं नाही.

आठवड्यातून एक दिवस कारखान्याची वीज बंद असायची. त्या दिवशी दुपारी आबा झोपले की गच्चीच्या जिन्यावर आमचं वाचन. बापू एक पायरी खाली बसत. त्यांच्या हातांना स्वस्थ बसता येत नसे. ऐकताना ते माझ्या ओढणीच्या झालरीचे दोन दोन धागे चिमटीत धरून वळत राहायचे. वाचन संपेपर्यंत सगळी झालर गाठींनी भरलेली. माय ओरडायची, “ही ओढणी शे का जाळं शे?” मी काय सांगणार?

आणखी एक खोड होती, तिचा तर मला जास्त राग यायचा. कुठल्याही प्रकरणाचा शेवट ते त्या दिवशी वाचू द्यायचे नाहीत. दोन पानं राहिली की ओढणीला हिसका. “बस. शेपटी ठेव.”

“बापू, दोनच पानं आहेत!”

“म्हनूनच. सगळं सारी टाकं ते पुढलं कसाले जोडशी?”

तरंगिणी पाण्यात, वरून बाण येताहेत, आणि मी आठ दिवस तशीच. दहा भाग मी असे शेपट्या ठेवून वाचले. मी कॉलेजात शिकणारी, आमच्या घराण्यात पहिली. आणि माझ्या हातातलं पुस्तक बंद करणार कोण, तर ज्याला ते उलटं धरलेलं कळत नाही असा माणूस.

ऐकलेलं सगळं बापू कारखान्यात सांगायचे. कसं, तेही सांगते. लूमच्या आवाजात माणसाचा आवाज पोचत नाही. तिथे सगळे ओठांवर आणि हातांवर बोलतात. बापू बंद लूमच्या मागे बसून धागे जोडत आणि मध्येच हात वर करून समोरच्याला सांगत. त्याने मान हलवली की तो पुढच्या ओळीतल्याला सांगे. डोळ्यांवर तळहात म्हणजे आंधळा राजा. कोपरापासून हात वळवळला म्हणजे अजगर. दिवस मावळायच्या आत गोष्ट शेवटच्या लूमपर्यंत पोचलेली असे. मी डबा घेऊन फाटकापर्यंत जायची. बाहेरून फक्त हात हलताना दिसायचे. मला वाटायचं, मी वाचलेलं हे सगळे बघताहेत. छाती भरून यायची. कोणाला सांगायची सोय नव्हती, पण भरून यायची.

प्लेगची पळापळ झाली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. माझं कॉलेजचं पहिलं वर्ष पार पडलं होतं. मामा अमळनेरहून एक स्थळ घेऊन आला. मुलाकडचे पुढच्या बंदच्या दिवशी बघायला येणार होते. मामाचं म्हणणं, एक वर्ष शिकली, पुष्कळ झालं. मी म्हणाले, मला बी.ए. व्हायचं आहे. आबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मोठा श्वास सोडला.

“देवनी तो नावाड्यासारखा एक पोऱ्या दिन्हा ऱ्हाता ना,” ते म्हणाले, “ते मी कोनले भ्यायना नसतू.”

“कोण नावाडी, आबा?”

“बापूना पुस्तकमधला. तुले काय ठाऊक. काळबंदरनी साखळी तोडी त्यानी, एकटानी. वरथून तेल वतं तरी वल्हं सोडं नही.”

काळबंदरची साखळी तरंगिणीने तोडली होती. तिसरा भाग, सहावं प्रकरण. ते मी वाचलं होतं, माझ्या तोंडाने, त्या जिन्यावर.

“नावाडी दिसायला कसा आहे?” मी विचारलं.

आबांनी दोन्ही मुठींनी वल्हं मारल्यासारखं केलं आणि ओठावर बोट ठेवून मिशीला पीळ दिला.

मी तशीच उठून नळाकडच्या खोलीत गेले. बापू खाटेवर अकरावा भाग मांडीवर घेऊन बसले होते, आदल्याच दिवशी आला होता तो.

“बापू, तरंगिणीला मिशी कुठून आली?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्या चष्म्याने त्यांना काय दिसायचं देव जाणे.

“पहिला भागले झाये ते,” ते म्हणाले. “मी वल्हं दखाडं. बाजूना लूमवरना दगडूनी मिशीवर हात फिराया, इचारं, मर्द शे का? तठे आवाज इतला. मी मान हालाई दिधी.”

“का?”

“घाईमा.”

“मग दुसऱ्या दिवशी सांगायचं, की चुकलं!”

“दुसरा दिन सगळा कारखाना मिशीले पीळ देवा लागना. आते एकडाव मान हालाई दिधी म्हंजे हालाई दिधी. कशी फिरवू?”

एका मानेवर दहा भाग! “आठव्या भागात तिचं राजपुत्राशी लग्न झालं. त्याचं काय केलंत?”

“दोस्तीनी शपथ लेवाडी.”

“आणि हार घातले ते?”

“हार ते दोस्तबी घालतस.”

हसू नका. मला तेव्हा हसू आलं नव्हतं. मी त्यांच्या मांडीवरचा अकरावा भाग उचलला. पेपरवाल्याकडून तो मीच आणला होता आणि त्यांना द्यायच्या आधी, रात्रीतून, सगळा वाचून काढला होता, शेपटी न ठेवता. मी पान काढून मोठ्याने वाचलं. वज्रद्वीपाला वेढा पडलेला, दोन्हीकडून आग, आणि होडीच्या तळाशी तरंगिणी बाळंत होते. एका हातात बाळ, एका हातात वल्हं.

बापूंचे हात पहिल्यांदाच थांबलेले मी पाहिले.

“आता सांगा त्यांना,” मी म्हणाले. “सांगा, तुमचा मिशीवाला बाळंत झाला.”

मग त्यांचा चेहरा उजळला. “टोपलीमा सापडनं! टोपली वाहत उनी, तिन्हामा पोर व्हतं.”

मी पुस्तक मिटलं. “बापू, मी पुढचं वाचणार नाही. ती बाई होती हे तुम्ही कारखान्यात सांगाल तेव्हा वाचेन. नाही तर दुसरं कोणी वाचणारं शोधा.”

दुसरं कोणी ते शोधणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. हे बोलणं चांगलं नव्हतं. पण मी बोलले.

“तुना बापले राग यी,” ते हळूच म्हणाले.

“येऊ दे. आबांना माझ्यासारखी मुलगी नको, नावाड्यासारखा मुलगा पाहिजे. निदान तो नावाडी कोण होता एवढं तरी त्यांना कळू दे. पुढच्या बंदच्या दिवशी मुलाकडचे येताहेत. त्याच्या आधी.”

चार दिवस त्यांनी कारखान्यात काही सांगितलं नाही. चष्मा फुटला म्हणाले. पाचव्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा बापू सात नंबरच्या लूममागे पाटावर बसले होते. आबा त्यांच्या समोरच चार लूम सांभाळत होते. मी फाटकाशी थांबले, बॉबिन भरणाऱ्या बायकांच्या बाजूला.

बापूंनी मला पाहिलं. मग धागे सोडून ते उभे राहिले. काम चालू असताना ते उभे राहिलेले कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांच्या माना वळल्या. त्यांनी वल्हं मारलं. मिशीला पीळ दिला. आणि मग ती मिशी चिमटीत धरून ओठावरून उपटली आणि जमिनीवर टाकली. डोक्यावरून पदर घेतला. पोटावरून हात फिरवला. हातांत बाळ घेऊन जोजवलं.

दगडू आधी हसला. त्याला वाटलं चेष्टा आहे. बापूंनी परत केलं. पदर, पोट, बाळ. मग त्याने रिकामी बॉबिन उचलून बापूंना फेकून मारली. लूमकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिघांचे धागे तुटले, एकाचा आडवा धागा नेणारा धोटा उडाला, देखरेखीचा मास्तर शिव्या देत धावत आला. त्या शिव्याही फक्त ओठांवरच दिसल्या.

आबांनी आपले चारही लूम बंद केले. ते बापूंसमोर आले आणि दोन्ही मुठींनी साखळी ओढून दाखवली. काळबंदरची साखळी?

बापूंनी डोक्यावर पदर घेतला.

आबांनी हाताने तेल ओतून दाखवलं. तेल वतं तेव्हा?

पदर.

अजगराच्या तोंडात मशाल?

पदर.

आबा एकेक विचारत गेले. सगळं पाठ होतं त्यांना, माझ्यापेक्षा जास्त. प्रत्येक वेळी बापू पदर घेत होते. मग आबांचे हात खाली आले.

तेवढंच मी मागितलं होतं. पुढचं मी मागितलं नव्हतं. बापूंनी कानावरची पेन्सिल काढून दाखवली, डोळ्यांना बोट लावलं, आणि मान नाही म्हणून हलवली. दोन तळहात पुस्तकासारखे उघडले आणि सरळ माझ्याकडे बोट केलं. मला येत नही. ती वाचस.

आबा फाटकाकडे वळले. त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला आणि जाऊन आपले चारही लूम सुरू केले. काही बोलले असते तरी ऐकू आलं नसतं.

बंदच्या दिवशी मुलाकडचे आले. चहा झाला. मुलाच्या काकांनी विचारलं, मग कधीचं धरायचं? आबा म्हणाले, “आमना घरमा एक पुस्तक चालू शे. ते सरू द्या. मंग दखू.”

काकांना वाटलं हे थट्टा करताहेत. “कितलं मोठं शे पुस्तक?”

“अकरा भाग व्हयनात.”

“आन् राह्यनात कितला?”

“अजून निघी राह्यनात,” आबा म्हणाले.

मामा तोंड उघडं टाकून बघत राहिला. माय तोंडाला पदर लावून आत गेली. ते लोक गेल्यावर आबा मला म्हणाले, पहिल्या भागापासून वाच. साखळीचं प्रकरण आलं तेव्हा म्हणाले, “परत वाच.” ‘वज्रद्वीप’ निघत राहिलं आणि मी शिकत राहिले.

इथे कुणाला वाटेल की सगळं गोड झालं. नाही झालं, आणि माझा खरा राग इथे आहे. नावाडी बाई निघाली, हे कारखान्याने आठ दिवसांत पचवलं. बाळाचं बारसं कधी, असं लोक बापूंना विचारायला लागले. पण बापूंना वाचता येत नाही, हे त्यांना पचलं नाही. दगडूने त्यांच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि जाता येता त्यांच्यासमोर वर्तमानपत्र धरायला लागला. “बापू, वाचा ना काय लिव्हेल शे!” कोण हा दगडू? पगाराच्या वहीवर अंगठा लावणारा दगडू! अर्धा कारखाना अंगठा लावत होता, आणि तोच अर्धा कारखाना त्यांना अंगठेबहाद्दर म्हणून हसत होता. सहा वर्षं त्या माणसाने त्यांना पाच बेटं फिरवून आणली, त्याचं काही नाही. मी फाटकाशी उभी राहून दगडूला खूप बोलले. आत काय पोचणार? तो कानाला हात लावून हसला.

आबांनी बापूंना थांबवायचा प्रयत्न केला. आमच्याकडे जेवायला बोलवायचे. पण एक दिवस नळाकडच्या खोलीला कुलूप दिसलं. कडोदऱ्याच्या एका कारखान्यात लागले, असं कळलं. अकराही भाग ते माझ्या दाराशी ठेवून गेले होते. प्रत्येकात खुणेसाठी धाग्याचा तुकडा होता, आणि प्रत्येक खूण शेवटच्या दोन पानांच्या अलीकडे.

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी पेढ्यांचा पुडा घेतला आणि रिक्षाने कडोदऱ्याला गेले. विचारत विचारत कारखाना सापडला. फाटकातून आत पाहिलं. तिसऱ्या ओळीत, बंद लूमच्या मागे, पाटावर बापू. केस पांढरे झालेले. कानावर नवी पेन्सिल.

त्यांनी मला पाहिलं नव्हतं. ते समोरच्या जवान कारागिराला सांगत होते. डोळ्यांवर तळहात आला. आंधळा राजा. म्हणजे पहिला भाग, पहिलं प्रकरण. इथे त्यांनी सगळं नव्याने सुरू केलं होतं. मग दोन मुठी वल्हं मारू लागल्या. त्या कारागिराने भुवया उंचावल्या आणि ओठावर बोट फिरवलं. मर्द?

बापूंचे हात थांबले. मला वाटलं, आता तरी.

त्यांनी मान हलवली. हो म्हणून!

एकदा खरं सांगून त्या माणसाला काय मिळालं होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण राग आला तो आलाच. कारखान्यात लूमच्या मधून बायका जात नाहीत, पट्ट्यात कपडा अडकतो. मी ओढणी कमरेला करकचून बांधली आणि आत शिरले. मास्तर हात हलवत काहीतरी ओरडला. मी दोन ओळी ओलांडून पाटाशी जाऊन उभी राहिले.

बापूंनी वर पाहिलं. आधी मला, मग पुड्याला. ओठ हलले, “पास?”

मी त्यांना उत्तर दिलं नाही. त्या कारागिराकडे तोंड केलं. वल्हं मारलं. ओठावरची मिशी चिमटीत धरून उपटली, जमिनीवर टाकली आणि चपलेने रगडली. मग स्वतःकडे बोट केलं. अशी.

त्याने बापूंकडे पाहिलं. बापूंनी दोन तळहात उघडले आणि बोट माझ्याकडे केलं. ती वाचस. मग त्या कारागिराने माझ्याकडे बघून बोट गोल फिरवलं. पुढे?

मी सांगायला लागले. राजाचा दरबार, बंदी घातलेला घाट, तरंगिणीची पहिली फेरी. हात चुकत होते, तो मान हलवत होता. शेजारच्या लूमवरचाही बघायला लागला. प्रकरण संपत आलं आणि ओढणीला मागून हिसका बसला. मला वाटलं, पट्ट्यात गेली. वळून पाहिलं तर बापूंनी कमरेच्या गाठीखाली लोंबणारी झालर धरलेली. निम्म्या झालरीला गाठी मारून झाल्या होत्या.

त्यांचे ओठ म्हणाले, “बस. शेपटी ठेव.”

मी ठेवली नाही. तरंगिणीने घाट ओलांडला, राजाची माणसं काठावर राहिली, प्रकरण पूर्ण संपलं, आणि मगच मी पेढे वाटले. बापूंना सगळ्यात शेवटी दिला.